सतरा नंबरची रांग

३ मार्च, मंगळवार

परदेशी प्रोफेसर माझी मुलाखत घेणार! माझी! सातवी नापासाची!

सूनबाईनं सकाळी चहा ओतता ओतता सांगितलं. साखर संपलीय असं सांगावं, तसं. "बाबा, गुरुवारी माझ्याबरोबर विद्यापीठात यायचंय. आमचे पाहुणे येताहेत ना, त्यांना तुम्हाला थोडं विचारायचंय." मी चहा बशीऐवजी टेबलावर ओतला. ही म्हणाली, "अहो, फासावर नाही नेत तुम्हाला." हिचं काय जातंय बोलायला!

कशाबद्दल विचारणार? बंदरातल्या यार्डाबद्दल. यार्डातल्या कशाबद्दल? तर, "ती सतरा नंबरची रांग तुम्ही कायम रिकामी ठेवायचात ना, तिच्याबद्दल."

चहा अर्धा टाकून उठलो. रक्तदाबाची गोळी घेतली. मग आठवलं, सकाळी एक घेतली होती. आता दोन गोळ्या पोटात आहेत. काही झालंच तर कारण इथे लिहून ठेवलं आहे.

४ मार्च, बुधवार

काही झालं नाही. दोन गोळ्यांनी माणूस मरत नाही, नुसता भिंत धरून चालतो.

ही वही डॉक्टरांच्या सांगण्यावरून. "आजोबा, काळजी कागदावर उतरवा, बायकोच्या कानात नको." हिनं लगेच कपाटातून दोन वर्षांपूर्वीची डायरी काढून दिली. कोरी आहे पण वार जुळत नाहीत. रोज छापलेला वार खोडून खरा लिहावा लागतो. म्हणजे काळजी उतरवायच्या आधीच एक काळजी!

सूनबाई विद्यापीठात संशोधन करते. जहाजं, बंदरं, माल लवकर कसा हलवायचा, याच्यावर. माणसं असल्या गोष्टी खोलीत बसून शोधून काढतात हे ती घरात येईपर्यंत मला माहीत नव्हतं. आम्हाला वाटायचं, माल शिव्या दिल्यावर हलतो.

दुखणं साधं आहे. कंटेनर एकावर एक चार रचतात. आम्ही त्याला डबा म्हणायचो. आणि आज जो डबा हवा, तो नेमका सगळ्यांत खाली! मग वरचे तीन उचला, बाजूला ठेवा, खालचा काढा, तीन परत ठेवा. याला मी फुकट उचल म्हणतो. जगातली सगळी बंदरं या एकाच रोगानं आजारी. आमचं विद्यापीठ आणि पाहुण्यांचं विद्यापीठ, दोघांनी करार केलाय की दोघं मिळून औषध शोधू. म्हणून त्यांनी बारा बंदरांचे पस्तीस वर्षांचे कागद कॉम्प्युटरमध्ये ओतले. बाहेर काय पडलं? सगळ्यांत कमी फुकट उचल आमच्या यार्डात! मी मुकादम असताना! सव्वीस वर्षं! आणि बाराही बंदरांत कायम एक रांग रिकामी ठेवणारं यार्ड एकच. आमचं.

"हेच ते गुपित, बाबा," सूनबाई म्हणाली. डोळे नुसते चमकत होते.

गुपित आहे खरं. पण ते नव्हे!

याच महिन्यात ठरायचंय, करार पुढे तीन वर्षं चालवायचा की इथेच गुंडाळायचा. चालला तर सूनबाई कायम होईल. सहा वर्षं वर्षा-वर्षाच्या कागदावर काढलीत पोरीनं. दर जूनमध्ये तो कागद संपतो, म्हणून जून जवळ आला की तिचं जेवण कमी होतं. मुलगा जहाजावर, सहा-सहा महिने पाण्यात. ही कशाचीच काळजी करत नाही; तिची काळजी करायला घरात मीच एक माणूस आहे. आणि आता तिला काळजीत पाडणाराही मीच!

५ मार्च, गुरुवार

जाऊन आलो. जिवंत आहे.

हिनं सदऱ्याला अशी इस्त्री केली होती की बसता येईना. प्रत्येक खिशात एक रुमाल. विद्यापीठाच्या दारात गळ्यात पाहुण्याचा बिल्ला अडकवला. लिफ्टमध्ये आरशात बघितलं तर हरवलेल्या मुलासारखा दिसत होतो.

दुसऱ्या मजल्यावर खोली. लांबलचक टेबल. त्याच्यावर आमचं अख्खं यार्ड, लाकडी ठोकळ्यांचं! वीस रांगा पांढऱ्या रंगानं आखलेल्या. सतरा नंबर रिकामी. मी त्या बाजूची खुर्ची सोडून पलीकडे बसलो.

प्रोफेसर उंच, पांढरा, मान लांब. विचार करायला लागला की एक पाय उचलून दुसऱ्या पोटरीला टेकवतो आणि तसाच उभा राहतो. मनात आलं — बगळा! आता दुसरं नाव सुचत नाही. त्याला आपल्या भाषेतला एकच शब्द येतो, 'बरं'. कशालाही 'बरं' म्हणतो. विभागप्रमुख बाई म्हणाल्या, लिफ्ट बंद पडलीय. हा म्हणाला, "बरं."

आधी एक कागद सहीला पुढे आला. संमतीपत्र. "मी देत असलेली माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे." मी ते वाक्य दोनदा वाचलं. सूनबाई म्हणाली, "नुसती रीत आहे हो, बाबा." केली सही.

मग बगळ्यानं विचारलं, सूनबाईनं आपल्या भाषेत सांगितलं: "सतरा नंबर रिकामी का ठेवलीत?"

मी म्हटलं, "अनुभव."

एवढंच! एक शब्द! पण सूनबाई तो बगळ्याला सांगायला लागली ती दोन मिनिटं थांबेना. हात हलवतेय, ठोकळ्यांकडे बोट दाखवतेय. बगळा लिहितोय, पान उलटतोय, परत लिहितोय. माझ्या एका शब्दात एवढं काय होतं, देव जाणे!

नंतर मला ठोकळे रचायला दिले. कॉम्प्युटर त्याच्या पडद्यावर रचणार, मी टेबलावर. बाई ओरडून सांगणार कुठला डबा बाहेर काढायचा. काम सुरू झालं आणि काय सांगू, भीती पळाली! हात आपोआप चालायला लागले. हा जड, हा उद्या जाणार, हा अजून आठवडाभर बसणार, ह्याला खाली घाल. कॉम्प्युटरच्या फुकट उचली चौदा झाल्या. माझ्या नऊ! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बगळ्यानं माझ्या हातांचा फोटो काढला.

आणि सतरामध्ये मी एकही ठोकळा मुक्कामाला ठेवला नाही. वरचे उतरवून घटकाभर टेकवायचे, की लगेच उचलायचे. साधं लाकूड, पण हातच जाईना.

६ मार्च

झोप नाही. फॉर्मवर सही केली आहे.

७ मार्च, शनिवार

ही बाजारात गेलीय. सूनबाई विद्यापीठात. दाराला कडी घातली, दोनदा तपासली. आता लिहितो.

मुकादम होऊन चार महिने झाले होते. एक डबा आला, सर्कशीचा. आत तंबू. पाच दिवसांनी जहाज होतं. मी तो सतरा नंबरमध्ये तळाला ठेवला, अगदी मागे. दुसऱ्या दिवशी रिकाम्या डब्यांची लाट आली. ते त्याच्यावर रचले, त्याच्यापुढे रचले. त्याच रात्री मुलगा झाला. तीन दिवस मी पेढे— नको, ते कशाला. तीन दिवस मी जमिनीवर नव्हतो एवढंच. परत आलो तर सर्कस डोक्यातून पार गेलेली.

जहाज गेलं. तंबू राहिला. सत्तावीस दिवस! पलीकडच्या बंदरात हत्ती, घोडे, जोकर, सगळे उघड्या मैदानात. तंबू इथे, सर्कस तिथे!

शेवटी सापडला. साहेबांनी बोलावलं. "मुकादम, डबा यार्डात असून काढला का नाही?" विसरलो म्हटलं असतं तर मुकादमी गेली असती. घरात महिन्याचं पोर. तोंडातून निघून गेलं, "साहेब, सतरामध्ये जमीन खचते. क्रेन जवळ न्यायची भीती वाटली."

साहेबांनी बघितलं. त्या रांगेत एका टोकाला पाण्याचं डबकं असायचं. मी तेच दाखवलं. डबकं काय, कुठेही साचतं! आणि सर्कशीच्या डब्याचं दार काही केल्या उघडेना, चौकट वाकडी झाली होती. मला वाटलं, दार गंजलं असणार. पण मी म्हटलं, "बघा साहेब, जमिनीनं वाकवलं." साहेब म्हणाले, "शाबास. माणसाचं लक्ष आहे." फळ्यावर लिहून टाकलं: रांग सतरा, डबे मुक्कामाला ठेवू नयेत.

संपलं! आता तिथे डबे मुक्कामाला रचले आणि जमीन नाही खचली, तर मी खोटारडा. म्हणून रचलेच नाहीत. एक दिवस नाही, एक वर्ष नाही. सव्वीस वर्षं! मी घरी बसल्याला आठ वर्षं झाली, तरी अजून कुणी ठेवत नाही. मुकादमाचा शब्द!

दगडासारखी जमीन आहे ती.

हुश्श. लिहिलं. डॉक्टर म्हणतात तसं हलकं काही वाटत नाही. उलट आता वही कुठे लपवू?

९ मार्च, सोमवार

वही पिठाच्या डब्यामागे. ही तिथे रोज हात घालते, मूर्खपणा झाला. आता ट्रंकेत आहे.

संध्याकाळी घार भेटला. माझा जुना क्रेनवाला. पस्तीस वर्षं वर केबिनमध्ये बसून खालच्या सगळ्यांवर नजर ठेवली, म्हणून घार. सर्कशीचा डबा त्यानंच ठेवला होता आणि त्यानंच काढला होता. त्याला सगळं ठाऊक. कुणाला बोलला नाही कधी, फक्त मला टोचतो. अजून बंदरात नव्या पोरांना क्रेन शिकवायला जातो.

"काय मुकादम, जमीन कशी आहे?"

"हळू बोल."

"ऐकलं मी, परदेशातून माणसं आलीत तुझं डोकं बघायला. बघितलं का उघडून? आत जोकर सापडला का?"

मी म्हटलं, बाबा रे, सुनेची नोकरी आहे यात. तेव्हा बाकावर सरकून मला जागा केली. मग म्हणाला, "रांग रिकामी होती म्हणून काम पटापट व्हायचं, हे खोटं नाही हं. वरून मला दिसायचं. बाकीची यार्डं म्हणजे गच्च भरलेलं घर, खाट सरकवायची तर कपाट दारात. आपल्याकडे अंगण होतं."

"पण मी ते त्यासाठी नाही ठेवलं."

"अंगणाला काय ठाऊक, तू कशासाठी ठेवलंस?"

असं बोलतो कधी कधी. मग लगेच माझ्या खिशातला रुमाल काढून नाक शिंकरतो.

११ मार्च, बुधवार

मेलो!

सूनबाई नाचत घरी आली. बगळ्याच्या बंदरानं कळवलंय, तेही एक रांग रिकामी ठेवणार. आणखी चार बंदरं विचार करताहेत. निबंधात तिला नाव दिलंय 'मुकादमाची रांग'. माझ्या नावानं! सोळा तारखेला मोठी बैठक. बंदराचे साहेब येणार, विभागप्रमुख बाई, बगळा. तिथेच पुढच्या तीन वर्षांचं ठरणार. मी पहिल्या खुर्चीवर पाहिजे.

"बाबा, हात जोडून फोटो नको, जरा हसा," म्हणत तिनं फोनवर माझे सात फोटो काढले. सातांत डोळे मिटलेले.

पाच देशांत पाच रांगा रिकाम्या पडणार. का? तर एक म्हातारा तंबू विसरला!

आणि समजा तिकडे काम पटापट नाहीच झालं, तर? विचारतील, कुठल्या शहाण्यानं सांगितलं? त्या कागदावर माझी सही आहे. आणि सूनबाईचं नाव.

१२ मार्च

संमतीपत्राची प्रत परत वाचली. चष्मा पुसून वाचली. खाली बारीक अक्षरात आहे: "सहभागी व्यक्ती कोणतंही कारण न देता कधीही माघार घेऊ शकते." कारण न देता! हा कागद ज्यानं लिहिला त्याला आशीर्वाद!

सूनबाईला सहज विचारलं, कुणी माघार घेतली तर काय होतं गं? "मग त्याची मुलाखत पूर्ण काढून टाकावी लागते. का हो?" "सहज." "तुमची काढली तर आमच्याकडे उरतं काय? नुसते ठोकळे!" आणि हसली.

इकडे आड, तिकडे विहीर. मध्ये मी, इस्त्रीच्या सदऱ्यात.

१३ मार्च, शुक्रवार

हिला कळलं. ट्रंक उघडली म्हणे डांबरगोळ्या ठेवायला. खोटं! माझ्या तोंडावरून ओळखलं असणार.

वाटलं, रडेल, रागावेल. ही पलंगावर बसली आणि पदर तोंडाला लावून हसतच सुटली. "हत्ती! उघड्यावर!" एवढंच म्हणायची आणि परत हसायची. मग डोळे पुसून म्हणाली, "एवढी वर्षं मला वाटायचं या माणसाच्या कपाळावरच्या आठ्या कामाच्या आहेत. त्या सर्कशीच्या होत्या!"

"आता काय करू, ते सांग."

"सांगून टाका."

"पोरीची नोकरी जाईल."

"आणि न सांगता राहिली तर रोज तिच्या हातचा चहा घशाखाली उतरेल तुमच्या?"

या बाईशी बोलण्यात अर्थ नाही. नेहमी बरोबर असते.

१४ मार्च

सूनबाईला सांगायला तीनदा गेलो. पहिल्यांदा ती मुलाशी बोलत होती. जहाजावरून आठ दिवसांनी फोन लागला होता. दुसऱ्यांदा मी "पोरी, एक सांगायचं होतं" म्हटलं आणि ती इतक्या मायेनं वळली की मी म्हटलं, "नळ गळतोय." तिसऱ्यांदा ती नळ दुरुस्त करत होती. गळत नसलेला.

१५ मार्च

उद्या.

१६ मार्च, सोमवार

सांगितलं.

नीट लिहितो, नाही तर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

खोलीत पडदा. पडद्यावर मी, डोळे मिटलेला, भिंतीएवढा. खाली 'मुकादमाची रांग'. सूनबाई बोलत होती, आधी त्यांच्या भाषेत, मग आपल्या. काय बोलत होती पोर! आवाज कसा ठाम! बंदराचे साहेब मान डोलावत होते. बाईंच्या पुढ्यात करार आणि पेन. मी पेनकडे बघत होतो. साहेबांनी ते उचललं आणि मी उभा राहिलो. पाय आपोआप. ठोकळ्यांच्या वेळी हात चालले तसे.

"जरा थांब, पोरी. ते अनुभव वगैरे खरं नाही. मी सांगतो, तू त्यांना सांग."

एक वाक्य मी बोलायचं, मग थांबायचं, मग तिनं सांगायचं, अशी पद्धत. मी म्हटलं, "मी एकदा एक डबा विसरलो." थांबलो. तिनं हातातला कागद खाली ठेवला. माझ्याकडे वळली.

"बाबा, हे सांगू?"

"सांग. जसंच्या तसं. काही वाढवू नकोस."

ती सांगत गेली. तंबू. सत्तावीस दिवस. जमीन खचते म्हणून मारलेली थाप. डबकं. फळा. तिचा आवाज खाली खाली येत गेला, पण एक शब्द गाळला नाही तिनं. शेवटी मी म्हटलं, "जमिनीला काही झालेलं नाही. दगड आहे दगड." तिनं तेही सांगितलं आणि खाली बसली.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, परत काढला. साहेब आधी लाल झाले आणि मग त्यांच्या पोटातून हसू आलं, "चौतीस वर्षांची थाप, आणि मी इथे आल्यापासून स्वतः दरवर्षी त्या फळ्यावर नवीन खडू फिरवून घेतोय हो!" बगळा उठला. खिडकीशी गेला. एक पाय उचलला. किती वेळ तसाच उभा! मला वाटलं, आता पडतो की काय.

मग वळून म्हणाला, "बरं."

पेन खिशात गेलं. करार तसाच राहिला.

१७ मार्च

सूनबाई बोलत नाही. चहा देते, कप माझ्यासमोर ठेवते, जाते.

१८ मार्च

चहा गोड होता की नाही, कळलं नाही.

१९ मार्च, गुरुवार

बोलली! गच्चीवर कपडे वाळत घालत होती. मी चिमटे पुढे करत होतो. पाच चिमटे घेतल्यावर म्हणाली—

"तुम्ही विसरलात, थाप मारलीत, त्याचा मला राग नाही बाबा. बत्तीस वर्षांचे होतात तुम्ही. पण त्या दिवशी 'अनुभव' म्हणालात ते माझ्या तोंडून म्हणालात. मी त्यांना समजावून सांगत बसले, माझे सासरे कसे अडाणी असून शहाणे आहेत."

दोन मिनिटं काय बोलत होती, ते आज कळलं.

मी म्हटलं, "चुकलो." आणखी एक चिमटा दिला. तो पडला. दोघंही वाकलो, डोकं डोक्यावर आपटलं. मग ती हसली जराशी. दुखलं म्हणून असेल.

मग बातमी सांगितली. बगळा म्हणतो, कारण चुकीचं होतं म्हणून रांग चुकीची ठरत नाही. पण आता पारखून घ्यावं लागेल. जमीन चांगली आहे ना? मग तीन महिने सतरा नंबर भरून बघायची, तीन महिने रिकामी ठेवायची. फुकट उचल वाढली, तर मुकादमाची रांग खरी, आणि करार पुढे. नाही वाढली, तर सगळं इथेच संपलं. साहेबांनी होकार दिला.

मी म्हटलं, आधी जमीन तपासणार ना कुणी?

"साहेब म्हणाले, मुकादम स्वतः सांगताहेत दगड आहे, मग झालं की!"

माझ्या शब्दाला अजून किंमत आहे! भीतीच वाटली.

२१ मार्च, शनिवार

बगळा परत गेला. जायच्या आधी घरी आला. दाराच्या चौकटीला डोकं आपटलं. हिनं चहा दिला, "बरं." आणखी दिला, "बरं." चौथ्या कपाला हिनं मला बाजूला घेऊन विचारलं, "याला नको म्हणता येतं की नाही?"

मला एक लाकडी ठोकळा दिला. सूनबाईच्या तोंडून म्हणाला, "माझ्या तीस वर्षांत आपली थाप आपणहून सांगणारा हा पहिला माणूस. आकडे तर रोज थापा मारतात." मी ठोकळा खिशात घातला. रुमाल काढावा लागला त्यासाठी.

२ एप्रिल, गुरुवार

आजपासून सतरा भरायला सुरुवात. घार सकाळीच तिकडे गेलाय, नव्या पोराला क्रेनवर बसवायला. संध्याकाळी त्याचा फोन. "मुकादम, चार थर पूर्ण. सगळे भरलेले. तुझं अंगण गेलं."

गोळी एकच घेतली. खूण करून ठेवली आहे.

आता सहा महिने वाट बघायची. जूनसुद्धा त्यातच येणार. सूनबाईनं आज अर्धीच पोळी खाल्ली.

३ एप्रिल

मनात येतं, फुकट उचल भरपूर वाढू दे. यार्डाचं वाईट व्हावं असं मुकादमाच्या मनात यावं! चाललंय काय हे!

४ एप्रिल, शनिवार

सतरामध्ये जमीन खचली!

पहाटे, पाळी बदलताना. जवळ कुणी नव्हतं, हे मी घारीकडून तीनदा वदवून घेतलं. डबक्याच्या टोकाला कंबरभर खाली. आठ डबे तिरके. खाली जुना नाला निघाला, कुठल्याच नकाशात नसलेला. घार फोनवर ओरडत होता, "अरे, सव्वीस वर्षं खरं बोलत होतास की रे!"

साहेबांनी भरणं थांबवलं. सतरा नंबर आता कायमची रिकामी, फळ्यावर परत खडू. बगळा म्हणतो, पारख त्याच्या बंदरात करायची, नीट तीन वर्षं, आणि सूनबाईशिवाय नाही. करार पुढे चालणार, आणि तिला कायम करायचा कागद निघालाय म्हणे. सूनबाई फोनवर हसत होती की रडत होती, कळेना.

ठोकळा हातात धरून बसलो. हिनं समोर चहा ठेवला.

"म्हणजे अहो, जन्मात एकदाच खोटं बोललात. सोळा तारखेला, भर सभेत, खरं सांगायला म्हणून उठलात तेव्हा!"